काकपद

“इथे बत्तीस माणसं पुरली आहेत, सगळ्यांनी एक मिनिट गप्प उभं राहायचं,” असं एक शिक्षिका मुलांना सांगत होती, आणि सिग्नलला थांबलेल्या बसच्या खिडकीत बसलेली ती ते ऐकून इतक्या मोठ्याने “काहीतरीच!” म्हणाली, की शेजारच्या बाईने आपली पिशवी सावरून मांडीवर घेतली. नदीचा बांध, बांधाच्या पायथ्याशी छातीएवढा काळा दगड, दगडासमोर तीस-पस्तीस मुलांची वेडीवाकडी रांग. दगडाच्या पायाशी कुणीतरी पांढरी फुलं ठेवली होती आणि ती शिळी नव्हती. रांगेतल्या दोन वेण्यांच्या एका मुलीने हात वर करून विचारलं, “बाई, उभी पुरली की आडवी?” शिक्षिकेने डोळे वटारले. तसा प्रश्न अगदी रास्त होता. बत्तीस माणसांना आडवं व्हायला किती जागा लागेल, याचा अंदाज ती मुलगी बांधाकडे बघत घेत होती, हे बसमधूनही कळत होतं. मग सिग्नल सुटला, बस हलली आणि फुलं, वेण्या, दगड सगळं मागे गेलं.

छत्तीस वर्षं ती या बसने प्रेसला जात होती आणि छत्तीस वर्षं रोज तो दगड वाचत होती. वाचत होती म्हणजे तपासत होती. मुद्रितं तपासणाऱ्या माणसाचा डोळा एकदा बाटला की बाटला. औषधाच्या बाटलीवरचं लेबल असो, दुकानाची पाटी असो, आधी ऱ्हस्व-दीर्घ दिसतात आणि मग सवड मिळाली तर अर्थ. दगडावर दोनच ओळी होत्या. वरची, ‘महापुराच्या दिवशी येथे’. खालची, ‘बत्तीस माणसे पुरली’. वेलांटी जागेवर, उकार जागेवर, शेवटी पूर्णविराम. रोज ती मनातल्या मनात शेरा मारायची, शुद्ध, आणि बस पुढे जायची. आज पहिल्यांदा त्या वाक्याने तिच्या देखत कूस बदलली. कापड पुरलं, वेळ पुरला, माणसं पुरली, म्हणजे कमी पडली नाहीत. आणि मेलेलं मांजर परसात पुरलं, तेही पुरलंच. एक काना इकडचा तिकडे झाला नव्हता. सगळं शुद्ध होतं आणि बत्तीस धडधाकट माणसं मातीखाली गेली होती. त्यांतले एक तिचे अप्पा. आणि ते वाक्य मंजूर करून पाठवणारा हात तिचा स्वतःचा.

अप्पा त्याच प्रेसमध्ये खिळे जुळवायचे. शिशाची उलटी अक्षरं एकेक उचलून पट्टीत उभी करायची, उजवीकडून डावीकडे वाचायची, हा त्यांचा सदतीस वर्षांचा उद्योग. महापूर आला तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि घरातल्या लाकडी कपाटावर धाकट्या भावाला धरून बसली होती, कारण आईने दोघांना तिथे चढवून ठेवलं होतं. तिला त्या दिवसाचं स्वतःचं आठवतं ते एवढंच: कपाटावरची धूळ, भावाची ओली चड्डी, आणि पाण्याची वाट बघणं. पाणी आलं नाही. बाकी सगळा पूर तिने अप्पांच्या तोंडून पाहिला. गावाचा मोठा नाला बांधाखालून नदीला मिळायचा, आणि नाल्याच्या तोंडावर एक लोखंडी दरवाजा होता. नदी चढली की तो लावून घ्यायचा, नाहीतर नदी उलटी नाल्यातून गावात. त्या दिवशी साडेअकराच्या सुमाराला दरवाज्याची वरची बिजागरी तुटली. प्रेस समोरच. अप्पा शाईच्या हातांनी जे धावले ते सरळ पाण्यात उतरून दरवाज्याला पाठ लावून उभे राहिले. त्यांच्या मागोमाग प्रेसमधले तेराजण. मग एक बस कंडक्टर, एक न्हावी, बँकेचा एक कारकून, नाल्यावरच्या गॅरेजमधली चार माणसं, येणारे जाणारे, आणि शिवलेल्या कपड्यांचं गाठोडं घेऊन चाललेली एक शिवणवाली. छातीएवढं पाणी. पाठीला दरवाजा, दरवाज्यापलीकडे नदी, आणि अलीकडे माणसाला माणूस. समोर लोक वाळूची पोती भरत होते. पोत्यांची भिंत उभी राहीपर्यंत साडेचार वाजले. पाच तास अप्पा माणसं मोजत होते. ओळीतलं एखादं अक्षर निसटलं तर आख्खा मजकूर ढासळतो, हे त्यांना हाताने माहीत होतं, म्हणून दर थोड्या वेळाने ते ओरडायचे, “एक!” आणि ओळ पुढे चालायची, दोन, तीन, अठ्ठावीस, आणि शेवटी शिवणवालीचा बारीक आवाज, “बत्तीस!” एकदाही एकतीसवर थांबली नाही. नदीने नेलं ते एक चष्मा, सहा चपला आणि न्हाव्याचा वस्तरा.

गावाने त्यांना नाव दिलं ‘बत्तीशी’. अप्पा चढून जायचे. “अहो, बत्तीस होतो म्हणून तर नदी दाताखाली धरली!” हे वाक्य त्यांनी किती वेळा म्हटलं असेल याला गणती नाही. पाहुणे आले की पूर, दूधवाला आला की पूर, तिच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी गणितात कमी गुण पडले म्हणून बोलावलं तिथेही पूर. आणि गोष्टीच्या शेवटी छाती काढून, उजवा हात हवेत आडवा फिरवून ते म्हणायचे, “नदीला आम्ही बत्तीसजण पुरून उरलो!” आई आत भांडी आपटायची. तिला, म्हणजे मुलीला, तेराव्या वर्षापर्यंत हे फार आवडायचं. तेराव्यानंतर मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मैत्रिणी तिच्या पाठीमागे हात आडवा फिरवून दाखवायच्या. एकदा तिने त्यांना पाहिलं आणि ती त्यांच्याबरोबर हसली. हे हसणं तिला अजून कधी कधी भर बसमध्ये आठवतं आणि कानाच्या पाळ्या गरम होतात. आत्ताही झाल्या.

प्रेसमध्ये आता शिसं नाही, खिळे नाहीत, शाईचा तो गोडसर उग्र वास नाही. संगणक आहेत, थंड हवा आहे, आणि कोपऱ्यात तिचं जुनं टेबल आहे, कारण ती कागदावरच तपासते आणि तिला सांगायची कुणाची टाप नाही. बासष्ट वर्षं झाली, निवृत्त होऊनही आठवड्याचे तीन दिवस येते. पोरं तोंडावर ‘बाई’ म्हणतात आणि पाठीमागे ‘काकपद’. तिला हे नाव माहीत आहे आणि मनातून ते आवडतं. अक्षर राहून गेलं की ते कुठे घालायचं हे दाखवायला ओळीच्या पायाशी दोन तिरक्या रेघांची जी खूण करतात, घराच्या छपरासारखी, ती काकपद. कावळ्याचा पाय. खूण करायची आणि राहिलेलं अक्षर वर लिहायचं. तिचं काकपद सबंध प्रेसमध्ये प्रसिद्ध होतं. लहान, नेमकं, दोन्ही रेघा सारख्या. टेबलावर आज अकरा कागदांचा गठ्ठा होता. पालिका नदीकाठी फिरायला रस्ता करत होती, त्यावर जागोजागी इतिहास सांगणारे धातूचे फलक लागणार होते, त्यांची प्रुफं. जुना पूल. पहिली शाळा. दीपस्तंभाचा ओटा. ती भराभर उकार लावत, काने उडवत आठव्या कागदाशी आली आणि हातातलं लाल पेन तिने खाली ठेवलं. ‘महापुरात प्राणास मुकलेल्या बत्तीस नागरिकांच्या स्मरणार्थ. येथील जुना दफनदर्शक दगड हलवून त्या जागी हा फलक बसवण्यात येत आहे.’

दफनदर्शक! ती ते वाचत राहिली. एकही चूक नव्हती. असं प्रूफ हाती आलं की इतर दिवशी तिला बरं वाटलं असतं. आज नाही वाटलं. दगड जाणार. दगड गेला की अप्पा पाच तास पाण्यात उभे होते, हे सांगणारं जगात काही उरत नव्हतं. उलट उद्यापासून ते त्या पाण्यात बुडाले होते, आणि नंतरची तेहेतीस वर्षं घरात जे गृहस्थ चहा बशीत ओतून प्यायचे, ते कोण होते हे कुणाला सांगता आलं नसतं. आणि हे सगळं नदीने केलं नव्हतं. पालिकेनेही केलं नव्हतं. हे तीन अक्षरांनी केलं होतं, आणि ती तीन अक्षरं तिने काढली होती.

तेव्हा ती सव्वीस वर्षांची, प्रेसमध्ये नुकतीच लागलेली. समितीने दगड बसवायचं ठरवलं, मजकूर अप्पांनाच लिहायला सांगितला, आणि तपासायला तो तिच्याकडे आला. ‘महापुराच्या दिवशी येथे बत्तीस माणसे पुरून उरली.’ अप्पांचं अक्षर, छापल्यासारखं. सोबत पाथरवटाची चिठ्ठी: दगडाच्या खालच्या भागात पालिकेचं चिन्ह येणार, ओळी दोनच बसतील, मजकूर दोन-तीन अक्षरांनी लांबतोय, कुठूनही कमी करा, मी ओळी जुळवून घेतो. कुठूनही. तिने ‘महा’ काढलं असतं तरी भागलं असतं. पुराच्या दिवशी. पूर तो पूरच. पण ‘पुरून उरली’ हे शब्द वाचताना तिला अप्पांचा हवेत आडवा फिरणारा हात दिसला, मैत्रिणींचे हात दिसले, आणि वाटलं, दगडावर हे नको. दगडाने कसं संथ, सभ्य बोलावं. आपल्या माणसाची फुशारकी आपणच भर रस्त्यात उभी करायची, तीही कायमची? तिने पेन घेतलं आणि ‘पुरून उरली’मधून मधली तीन अक्षरं, ‘रू’, ‘न’ आणि ‘उ’, एकाच रेघेने उडवली. राहिलं ‘पुरली’. शब्द न तोडता दोनाचा एक झाला. स्वतःच्या हुशारीवर ती तेव्हा खूशही झाली होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. पुराचं ‘महा’ तिने ठेवलं आणि माणसांचं उरणं काढून टाकलं.

दगड उघडला त्या दिवशी बत्तीसांतले एकोणतीसजण होते, आणि तीन दात पडले म्हणून चेष्टा चालली होती. अप्पांनी पुढे होऊन दगडावर बोट ठेवलं आणि सवयीने उलटीकडून, उजवीकडून डावीकडे, अक्षरं चाचपत नेली. ‘रली’पाशी बोट थांबलं. मग ते ‘पु’वर गेलं आणि परत ‘र’वर आलं. तिच्याकडे न बघता ते म्हणाले, “तीन कमी आहेत.” ती म्हणाली, “ओळीत बसत नव्हती, अप्पा.” “असं,” ते म्हणाले, “ओळीत बसत नसतील तर काय करणार.” एवढंच. त्यानंतर घरात पुराची गोष्ट झाली नाही. पाहुणे आले, दूधवाला आला, नातवंडं आली, कुणी मुद्दाम विचारलं तरी ते म्हणायचे, “दगडावर लिहिलंय ना, तेवढंच.” सुरुवातीला तिला सुटल्यासारखं वाटलं. पुढे पुढे जेवताना ती स्वतःच विषय काढू लागली, पण अप्पा ताटातलं संपवून उठून जायचे. सोळा वर्षं हे चाललं आणि मग अप्पाच गेले.

तिने पालिकेत फोन लावला. स्मारकांचं काम बघणारा अधिकारी तरुण होता आणि मर्यादशील होता, त्यामुळे त्याच्यावर नीट चिडताही येईना. “मॅडम, लोकांच्या तक्रारी आहेत. फिरायच्या रस्त्यावर कबर नको म्हणतात. काही लोक फुलं ठेवतात, काही लोक त्या बाजूने जातच नाहीत.”

“कबर नाहीये ती! एकही माणूस मेला नाही तिथे.”

“दगडावर तर स्पष्ट लिहिलंय.”

“त्याचा अर्थ तसा नाही.”

“मग कसा आहे?” तो म्हणाला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वाक्यांना ‘अर्थ संदिग्ध’ असा शेरा मारणाऱ्या बाईला स्वतःच्या वाक्याचा अर्थ फोनवर समजावून सांगायची पाळी आली होती. “मॅडम, जुनं रेकॉर्ड वाळवीने खाल्लंय आमचं,” तो ओशाळून म्हणाला. “बत्तीसांतलं कुणी हयात असेल तर घेऊन या. परवा सकाळी दगड काढायला माणसं येणार आहेत. त्याच्या आत.”

बत्तीशीत एकच दात उरला होता, तो शेवटचा. शिवणवाल्या मावशी अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या, सुनेकडे राहायच्या, तळमजल्यावरच्या पुढच्या खोलीत, बंद पडलेल्या शिलाई मशीनला टेकून. मशीनवर आता औषधं आणि चष्म्याची घरं ठेवलेली. तिने सगळं सांगितलं. मावशींनी कान पुढे करून ऐकलं, आणि फलकाचा मजकूर आला तेव्हा हात वर करून थांबवलं. “म्हणजे मी मेले?”

“पालिकेच्या मते.”

“कधी?”

“त्रेपन्न वर्षं झाली.”

“बघ,” मावशी सुनेकडे वळून म्हणाल्या, “आणि तू मला आत्ता गोळी दिलीस.” मग बराच वेळ त्या खो खो हसत राहिल्या, सून पाठ चोळत राहिली, आणि हसू ओसरल्यावर त्यांचा आवाज एकदम खणखणीत झाला. “सोळा कपडे कोंबले मी त्या दरवाज्याच्या फटीत. गिऱ्हाइकांचे, नवेकोरे. डॉक्टरच्या बायकोचा मखमली ब्लाउज होता, तो मीच दाबून बसवला. आणि तुझे अप्पा सारखे ‘एक’ ओरडायचे. माझ्या तोंडापर्यंत पाणी. मी म्हटलं, अहो, मोजणं पुरे! तर म्हणतात, तुम्ही शेवटचा पूर्णविराम आहात, हलायचं नाही.” त्या थांबल्या. तिच्याकडे बारीक डोळ्यांनी बघत म्हणाल्या, “तू ते शब्द छाटलेस म्हणून तोंड पाडून बसलीयेस होय?”

ती दचकली. हे तिने सांगितलंच नव्हतं. घरात नाही, प्रेसमध्ये नाही, कुणालाच नाही.

“अगं, मला ठाऊक आहे. दगड उघडला त्याच संध्याकाळी अप्पा इथे आले होते. तुझ्या लाल रेघेचा तो कागद खिशात घेऊन. मी म्हटलं, पोरीनं आपली ऐट काढून टाकली की हो! तर मलाच रागावले. म्हणाले, ऐट गेली ती जाऊ द्या, कारागिरी बघा. दोन शब्दांच्या पोटातून तीन अक्षरं काढली आणि टाका दिसत नाही! सदतीस वर्षांत असा हात मी पाहिला नाही म्हणाले. तुम्हाला शिवणातलं कळतं म्हणून दाखवायला आणलाय म्हणाले.” मावशींनी चष्मा पुसला. “वाईट वाटलं होतं त्यांना, ते नाही कशाला म्हणू? पण नंतर ज्याला-त्याला तो कागद दाखवत फिरले. पुराचं बोलायचे बंद झाले ते त्यामुळे. त्यांना मिरवायला दुसरं मिळालं होतं. घरात तेवढं बोलायचे नाहीत. तू शेफारशील म्हणायचे.”

ती उठून खिडकीशी गेली, कारण सुनेसमोर रडायचं नव्हतं, आणि तिथे उभी राहून चांगली रडली. सोळा वर्षं जेवणाच्या ताटावर जे मौन बसलं होतं, त्याला ती राग समजत होती. तो माणूस बाहेर तिचं कौतुक करून करून थकून घरी येत होता! तिला अप्पांचा भयंकर राग आला, आणि त्या रागात इतका अभिमान मिसळला की दोन्ही वेगळे करता येईनात. अंगात तिच्या एकदम बळ आलं. छाटायचा हात पाहिला नाही म्हणाले ना? आता जोडायचा बघा म्हणावं.

पाथरवट म्हातारा झाला होता पण त्याची हत्यारं म्हातारी झाली नव्हती. चिठ्ठी पाठवणारा तोच हा. बांधाजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो आता ओट्यांना लागणाऱ्या फरशा कापायचा. त्याने ऐकून घेतलं आणि मान हलवली. “ताई, दगडातलं खोडता येत नाही. ते कागदाचं काम.”

“खोडायचं नाहीच आहे. घालायचं आहे.”

“दोन अक्षरांच्या मधे? फट करंगळीएवढी नाही.”

तिने पिशवीतून कागद काढला आणि त्यावर ‘पुरली’ लिहिलं. ‘पु’ आणि ‘र’च्या मधे, ओळीच्या पायाशी, दोन तिरक्या रेघा काढल्या, सारख्या, नेमक्या. वर बारीक अक्षरांत लिहिलं, ‘रून उ’. म्हाताऱ्याने कागद लांब धरला, जवळ धरला. “दोन ओळींच्या मधे दोन बोटं सोडलीत मी,” तो सावकाश म्हणाला, “पाणी निथळायला. बारीक छिन्नीने बसतील.” मग त्याला त्यातली गंमत कळली आणि उरलेले चार दात दिसले. “म्हणजे चूक दिसणार, आणि दुरुस्तीही दिसणार?”

“दिसायलाच हवी.”

परवाची सकाळ उजाडली. दगड काढणारी दोन माणसं पहारी घेऊन बांधाच्या कडेला बसली होती, अधिकारी हातात कागदांची फाईल घेऊन उभा होता, आणि मावशी रिक्षातून उतरल्या त्या सुनेच्या खांद्यावर हात टाकून थेट त्याच्या समोर. “मेलेल्या माणसाची सही चालते का रे?” त्याने फाईल चाळायला घेतली. मावशी थांबल्या नाहीत. “राहतोस कुठे तू?”

“खालच्या गल्लीत, आजी.”

“कितव्या मजल्यावर?”

“तळमजला. आजोबांपासूनचं घर आहे.”

“आजोबांपासूनचं,” मावशी म्हणाल्या, आणि दगडाच्या मागे, बांधाच्या भिंतीत बुजवलेल्या त्या जुन्या दरवाज्याच्या कमानीकडे त्यांनी काठी केली. “त्या दिवशी इथून पाणी आत आलं असतं, तर पहिलं घर कुणाचं?” अधिकारी कमानीकडे बघत राहिला. मग त्याची नजर उतरत उतरत गल्लीच्या तोंडाशी गेली, तिथे उन्हात कुणीतरी सतरंजी वाळत टाकत होतं. बहुतेक त्याची आईच असावी, कारण तिने त्याला हात केला. त्यानेही हात केला. मग तिने पुढे केलेला खुणेचा कागद बघून जरा घसा खाकरत म्हणाला, “पण मॅडम, सरकारी दगडावर काकपद... हे नियमात बसत नाही.”

“ओळीत बसत नाही म्हणून मी एकदा काढलं,” ती म्हणाली. “आता नियमात बसत नाही म्हणून तुम्ही अडवा. पण मग आठव्या फलकावर खाली माझी सही घ्या. बत्तीस माणसं मारली म्हणून.”

त्याने फाईल मिटली. पहारवाल्यांना म्हणाला, “चहा घेऊन या तुम्ही. सावकाश या.”

पाथरवट दगडासमोर पोत्यावर मांडी घालून बसला. तिने खडूने आधी खूण काढून दिली. छिन्नीचा आवाज सुरू झाला, टिक, टिक, टिक, अगदी अप्पांच्या पट्टीत खिळे पडायचे तेवढाच बारीक, आणि पांढरा भुगा आता शिळ्या झालेल्या त्या फुलांवर पडू लागला. ती उभी राहून ऐकत होती आणि मनात मोजत होती. एक म्हणजे अप्पा. दोन म्हणजे प्रेसचा फोरमन. तिला सगळे क्रमाने येत नव्हते, निम्मे चेहरेच आठवत होते, कंडक्टरची फक्त टोपी आठवत होती, तरी ती मोजत गेली, कारण आकडा चुकवून चालणार नव्हतं. बत्तीसला बाकावरून मावशींची काठी वाजली. तो योगायोग असेल. बाई, वयाच्या नवव्या वर्षी तुझ्या घरात पाणी आलं नाही, कारण ही माणसं इथे उभी होती. इतकं साधं वाक्य तिने कधी स्वतःशी म्हटलं नव्हतं. तिला वाटलं, हात हवेत आडवा फिरवावा. तिने आजूबाजूला पाहिलं आणि फिरवला. अगदी अप्पांसारखा, खांद्यापासून. कुणी हसलं तर हसो.

उन्हं कलेपर्यंत काम झालं. नवी तीन अक्षरं जुन्यांपेक्षा लहान आणि गोरी होती, आणि खालच्या दोन तिरक्या रेघा लांबूनही दिसत होत्या. महापुराच्या दिवशी येथे बत्तीस माणसे पुरून उरली. तिने दगडावर बोट ठेवलं आणि उजवीकडून डावीकडे, उलटीकडून, अक्षरं चाचपत नेली. ली, र, उ, न, रू, पु. कुठे अडलं नाही. त्या ओळीतली बत्तीस माणसं आता खरोखरच गेली होती, एक सोडून, पण वाक्य त्या जाण्यालाही पुरून उरत होतं.

शाळा सुटली तेव्हा दोन वेण्यांची ती मुलगी दप्तर ओढत तिथून चालली होती. ती थांबली, ओठ हलवत दगड वाचला, मग पुन्हा वाचला.

“आजी, मग ती माणसं कुठे पुरलीयेत?”

“कुठेच नाही. त्यांतली एक ती बघ, बाकावर बसून आपल्याला नावं ठेवतेय.”

मुलीने मावशींकडे नीट निरखून पाहिलं आणि तिची खात्री पटली. मग तिने वाकून काकपदाच्या रेघांमधून बोट फिरवलं. “हे असं आमच्या वहीत बाई करतात, आम्ही अक्षर विसरलो की. दगडावर पण चुका होतात?”

“होतात.”

“कुणाची आहे ही?”

“माझी,” ती म्हणाली, आणि अप्पा ज्या आवाजात ‘बत्तीस’ म्हणायचे त्याच आवाजात, रस्त्यापलीकडे ऐकू जाईल असं, तिने पुन्हा एकदा सांगितलं, “माझी आहे.”